गळती शोधणाऱ्या सिस्टर

नमस्काराला उत्तर देण्याआधी सिस्टर समोरच्या माणसाची चूक शोधत, आणि ती सापडली की नमस्काराची गरज उरत नसे. नांदेडहून बदली होऊन मी लातूरला त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले. फाटकातच "जयभीम सिस्टर" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "कॉलेजात शिकवतेस ना? मग दारात आडवी स्कूटर लावायला कोणत्या कॉलेजात शिकलीस?"

सुलोचनाबाई सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागल्या आणि मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. गल्लीला मात्र त्या कायम सिस्टरच. जगातल्या बहुतेक माणसांबद्दल त्यांचं मत वाईट होतं आणि ते लपवायची तसदी त्या घेत नसत. फोनवर आलेलं वाचून औषध घेणारे, सारखं 'बघू' म्हणणारे, ताप न मोजता 'जरा कणकण हाय' सांगणारे, सगळे त्यांच्या लेखी एकाच वॉर्डातले. "अंदाजा नको सांगू," त्या म्हणायच्या. "बघितलंस का? न्हाई ना? मग तोंड मीट."

त्यांचे यजमान मोटारीचे शौकीन होते. फिक्या निळ्या रंगाची, गोल दिव्यांची एक जुनी गाडी त्यांनी जिवापाड जपली होती. ते गेल्यावर ती दोन वर्षं अंगणात उभीच राहिली. एका सकाळी सिस्टरनी नवी बॅटरी बसवून घेतली, पदर खोचला आणि स्वतः गाडी काढून बाजार करून आल्या. परत आल्यावर गाडीखालच्या शहाबादी फरशीवर काळ्या तेलाचं थारोळं साचलं.

ही बातमी उदगीरला त्यांचे दीर भगवानराव यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. ते लगोलग आले, बॉनेट न उघडताच गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "वैनी, इंजिन गेलंय बघा. बाईमाणसाला ही झंझट कशाला? मी घेऊन जातो. पोराचं लग्न हाय, वरातीला सजवू."

"इंजिन गेलंय, तर वरातीत ढकलत नेणार का?" सिस्टर म्हणाल्या. भगवानरावांनी चहा अर्धाच ठेवला. जाताना मात्र बजावून गेले, "पाहुण्यांना सांगून बसलोय वैनी. गाडी न्यायला माणसं पाठवतो."

मग शंकर मिस्त्री आला. त्याने इंजिनच्या खालच्या, तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदललं. तेल गळतच राहिलं. वरच्या झाकणाचं बदललं, तरी तेच. शेवटी हात पुसत तो म्हणाला, "सिस्टर, मागचं सील गेलंय. इंजिन उतरवावं लागतंय."

"बघितलं?"

"बघायचं काय त्यात? अनुभव हाय."

"अनुभव हाय, तर आधी ती दोन पॅकिंगं कशापायी बदलली? नवस होता का?"

शंकर हत्यारं गोळा करून गेला. सिस्टर पायरीवर बसून राहिल्या. "ह्यांनी कधी थेंब सांडू दिला नव्हता," त्या फरशीकडे बघत म्हणाल्या, आणि माझं लक्ष आहे हे दिसताच ओरडल्या, "बघत काय राहिलीस? डिझेल आण."

त्या दुपारी आम्ही डिझेल आणि ब्रशने इंजिन घासलं. "सगळीकडंच चिकट असल्यावर कुठून गळतंय ते काय कपाळ दिसणार?" फडक्याने कोरडं केल्यावर सिस्टरनी माझ्याच डब्यातली टाल्कम पावडर इंजिनभर उडवली. मला आत बसवून ॲक्सिलरेटर दाबायला लावलं आणि स्वतः विजेरी घेऊन वाकल्या. पांढऱ्या पावडरीवर तेलाचे डाग उमटू लागले. वरच्या झाकणापाशी, चेंबरच्या कडेला, मागच्या बाजूला, सगळीकडे एकदमच.

"नवीकोरी पॅकिंगं एकाच वेळी कशी गळतील?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "आत काहीतरी कोंडून राहिलंय." त्यांनी तेल भरायचं टोपण सैल केलं आणि गरम धुराचा भपकारा थेट त्यांच्या चष्म्यावर आला. "बंद कर!" त्या ओरडल्या. चष्मा न पुसताच त्या इंजिनची वाफ बाहेर सोडणारी नळी शोधू लागल्या. ती कडेने खाली उतरली होती आणि तिचं तोंड घट्ट लिंपलेलं होतं. सायकलच्या तारेने टोकरल्यावर वाळलेल्या मातीची ढेकळं खाली पडली. उभ्या गाडीत कुंभारमाशीने घर केलं होतं. आतल्या वाफेला वाट उरली नव्हती, म्हणून ती तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलत होती.

नळी मोकळी करून इंजिन पुन्हा पुसलं, पावडर टाकली, गाडी बराच वेळ चालू ठेवली. पावडर पांढरीच राहिली. मी टाळ्या वाजवल्या. सिस्टर ढेकळाकडे बघत म्हणाल्या, "ह्या माशीनं एवढंसं तोंड असून काम चोख केलं. न्हाईतर आमचे मिस्त्री."

भगवानरावांची माणसं यायच्या आत आम्हीच गाडी घेऊन उदगीरला गेलो. लग्नघर पाहुण्यांनी भरलं होतं. सिस्टरनी दारातच गाडी उभी केली, इंजिनखाली पांढरी चादर अंथरली आणि खुर्ची मागवून चहा घेत बसल्या. मग भगवानरावांना सगळ्यांदेखत वाकायला लावलं. चादरीवर एक बारका ठिपका होता. "थेंब हाय की वैनी," ते म्हणाले.

"एवढं तर तुमच्या नाकातून गळतंय," सिस्टर म्हणाल्या.

लग्नाला त्यांनी गाडी दिली, पण चावी दिली नाही. नवरा-नवरीला त्यांनीच नेलं आणि भगवानराव भाड्याच्या जीपमधून मागे आले. नवरी प्रज्ञा धर्माबादची. माहेर सुटल्यापासून ती मागच्या सीटवर हुंदके देत होती. सिस्टरनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं, आता तिलाही सुनावणार. त्यांनी तिला पुढे बोलावून शेजारी बसवलं. "रड, पण रस्त्यावर लक्ष ठेव. पुढच्या महिन्यात तुला चालवायचीय."

आणि खरंच शिकवली. शिव्या घालून, गिअर कुरकुरला की कपाळावर हात मारून शिकवली. वर्षभराने गाडी प्रज्ञाच्या नावावर करून दिली. "बाकीच्यांना गाडी मिरवायला पाहिजे," त्यांनी मला सांगितलं. "हिला कुठंतरी जायला पाहिजे."

गेल्या हिवाळ्यात सिस्टर दवाखान्यात होत्या. बोलताना धाप लागायची, तरी सलाईन लावणाऱ्या नर्सला त्यांनी शीर कशी शोधायची ते ऐकवलं होतं. प्रज्ञा उदगीरहून स्वतः गाडी चालवत आली आणि त्यांचा हात धरून बसली. सिस्टरनी डोळे उघडले.

"अजून क्लचवर पाय ठेवूनच चालवतीस ना?"

"न्हाई मोठ्याई."

"खोटं बोलू नको. डाव्याच चपलेचा तळ झिजलाय तुझ्या."

प्रज्ञाने पाय वळवून बघितला आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता ती रडायला लागली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी आपला हात मात्र तिच्या हातातून काढून घेतला नाही. सकाळी त्या गेल्या तेव्हाही तो तिथेच होता.