दाजींच्या गाडीचा तडा

दाजींच्या नव्या गाडीच्या काचेला माझ्या कृपेने तडा गेला होता आणि गाडी संध्याकाळी परत करायची होती. अंबडला रस्त्याकडेला काचा सांधणाऱ्या एका काकांनी मला छत्री धरायला लावली, तड्यात पातळ रेझिन सोडलं आणि काचेला आतून लायटरचा शेक देत "ये बाळा, पुढं ये," म्हणून ते रेझिनला चुचकारू लागले.

"शेकानं हे पळतं, उन्हानं घट्ट व्हतं. छत्री हलवू नका, साहेब."

हलवली नाहीच. तडा कुठवर भरला ते नीट दिसावं म्हणून फक्त जराशी उचलली.

काकांनी नखानं टकटक केलं. रेझिन अर्ध्या वाटेतच दगड झालं होतं. पण रागावले नाहीत. म्हणाले, "दाजी तापट हायेत का?"

"फार."

"मग सावलीत बसवून सांगा."