पाटावरची हाक

त्या रविवारची आठवण झाली की अजून छाती धडधडते, म्हणून लिहून ठेवते.

कोडोलीच्या वरच्या अंगाला आमच्या रानाच्या कडेनं जुना दगडी पाट जातो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी त्यातून खालच्या शेतांना यायचं. मोटर नाही, काही नाही, नुसता उतार. संस्थानच्या काळात बांधला, असं म्हातारी माणसं सांगतात. नदीवरून पाइपलाइन आली आणि पाट कोरडा पडला. आता सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं तो बघायला येतात. आमचे मालक, म्हणजे घरधनी, त्यांना सगळं सांगतात. मी चहा देते आणि आत जाते. हळदीकुंकवालासुद्धा मी भिंतीकडेला बसणारी.

त्या दिवशी पाहुण्यांची गाडी आली आणि मालकांचा घसा पार बसलेला.

"तूच सांग," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "न्हाई सांगितलंस तर पावणं तसंच परत जातील. मग पुन्हा कोन येतंय हितं?"

पाटावर उभी राहिले. "ह्यो पाट. लई जुना हाय," एवढं म्हटलं आणि पुढं शब्दच फुटेना. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. एकजण तर गाडीकडं वळला.

तेवढ्यात चष्मेवाल्या एका ताईंनी विचारलं, "इथल्या बायका दारं धरायच्या म्हणे. पण इथं दार कुठंच दिसत नाही?" त्या खरंच चौकट शोधत होत्या!

मला इतकं हसू आलं की भीती कुठल्या कुठं पळाली. "ते दार न्हवं ओ ताई!" म्हणत मी खोरं उचललं. पाटाच्या कडेला दगडांत ठेवलेल्या तोंडाची माती फोडून पाणी उसाच्या सरीत कसं घ्यायचं, सरी भरली की तोंड बुजवून पुढचं कसं फोडायचं, सगळं करून दाखवलं. "ह्याला दारं धरनं म्हणत्यात."

"पण पाणी सोडलं हे खालच्यांना कसं कळायचं?"

"हाक मारायची की!"

"मग मारा ना!"

पदर खोचला. "पानी सोडलंऽऽय होऽऽऽ!"

आवाज शिवारभर गेला. खालच्या उसातून थोरल्या जाऊबाई ओरडल्या, "कोरड्या पाटात कसलं पानी सोडतीस गं? येड लागलं व्हय?"

पाहुणे पोट धरून हसले. मग मी थांबलेच नाही. दगडांच्या सांध्यातला चुना दाखवला, सगळ्यांना झऱ्याच्या तोंडापर्यंत चढवत नेलं.

निघताना ताई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मैत्रिणींना आणते. तेव्हा कोण सांगणार?"

मालकांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी मीच बोलले, "मी सांगतो की!"