उघड्या डोळ्यांची झोप

मित्रांनो, दुपारपासून अंगावरचा काटा जात नाही.

चाकणला आमच्या कारखान्यात मेंदूवर संशोधन करणाऱ्या मॅडम आल्या होत्या. ओव्हरटाइमला हो म्हणून सलग दुसरी शिफ्ट करणारा संतोष त्यांची मेंदूच्या लहरी टिपणारी तारांची टोपी घालून प्रेस मशीनवर पत्रे सरकवत होता.

अचानक टोपीला जोडलेल्या स्क्रीनकडे बघत मॅडम ओरडल्या, "हा झोपलाय!"

त्याचे डोळे टक्क उघडे होते. मी हाक मारली, उत्तर नाही. हात मात्र प्रेसखाली जात-येत होते. काम भरभर व्हावं म्हणून हात बाहेर ठेवायला लावणारं सुरक्षेचं बटण त्यानेच चिकटपट्टीने दाबून ठेवलं होतं.

मी मशीन बंद केलं. तरी त्याचे हात हवेत पत्रा सरकवतच राहिले.

मी खांदा हलवला तसा तो म्हणाला, "दादा, बंद का केलं? जागाच हाय की मी!"

तो खोटं बोलत नव्हता; आपण झोपलो होतो हे त्याला कळलंच नव्हतं. सांगा, अशा मेंदूने ओव्हरटाइमला दिलेल्या होकाराला आपण होकार म्हणायचं?