मधला आकडा

परळच्या हॉस्पिटलात मला सहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा होता. मी मुद्दाम तरातरा चालले. दादरच्या फुटपाथवर साड्या विकून मी स्वतःचा गाळा घेतलाय. आपली अडचण समोरच्याला दिसली की भाव गेला, हे माझ्या अंगात मुरलेलं. शेवटी मात्र भिंत धरावी लागली.

आदल्या आठवड्यात मानेतून नळी घालून तपासणी झाली होती. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलाय, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतोय, हे तेव्हा पक्कं झालं. त्याआधी दोन वर्षं, दम लागतो म्हणून गेले की लालबागचा आमचा फॅमिली डॉक्टर नुसतं "वजन कमी करा" म्हणत राहिला. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

इथल्या डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, कधी चक्कर येऊन पडलात का? मी नाही म्हणाले.

"पडली," सोबत आलेली माझी मुलगी म्हणाली. "गणपतीत, काउंटरमागे. कोणाला सांगू नको म्हणाली."

मी डोळे वटारले. पण बाईंचं लिहिणं थांबलेलं पाहून मीच नजर खाली घेतली. मग त्यांनी समजावलं. चालणं, रक्त, हृदयाचा इको, ही चक्कर, सगळं एकत्र धरून जिवाला धोका किती ते ठरवतात: कमी, मध्यम, जास्त. मी मध्यम. दोन औषधं एकदम सुरू करायची आणि कमीवर यायचं.

मला हायसं वाटलं. आयुष्यभर मी आणि गिऱ्हाईक मधल्या आकड्यावरच राजी होत आलोय. म्हटलं, आत्ता एकच गोळी द्या, मध्यम तर मध्यम, पुढचं पुढे बघू.

बाई चिडल्या नाहीत. "काकू, मध्यमवर राजी व्हायचं नाही. तिथे राहिलात तर हृदय थकत जाईल, आणि तुम्हाला कळेपर्यंत उशीर होईल."

"आणि नाही आले कमीवर, तर?"

"औषध वाढवू. तीन-चार महिन्यांनी पुन्हा सगळं तपासू."

काही होणार नाही तुम्हाला, एवढं त्या म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. त्या म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे घासाघीस करायला काही उरलं नव्हतं. मी दोन्ही औषधांना हो म्हटलं. मुलीने टेबलाखाली माझा हात धरला. तिचाही गार पडला होता.