संमतिपत्रावरचे लाल ठिपके

अक्कलदाढ काढून घरी आल्या आल्या मी कढत चहा ढोसला आणि ओठ भाजून घेतला. भाजला हेही अर्ध्या तासानं कळलं, कारण तोंडाची ती बाजू अजून बधिर होती. अशी चूक कुणाच्याही हातून होईल म्हणा. पण दवाखान्यात ज्या संमतिपत्रावर मी झोकात सही ठोकून आलो होतो, त्यात "बधिरता लोप पावेपर्यंत उष्ण पेये वर्ज्य करावीत" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि ते लिहिणारा मीच होतो.

सात रस्त्याजवळ दातांचा दवाखाना असलेले डॉक्टर माझे शाळासोबती. एका पेशंटचा भाऊ "न विचारता दात काढलाच कसा?" म्हणून भांडून गेला, तेव्हापासून त्यांनी सही घ्यायचं ठरवलं. मी मराठीचा मास्तर, म्हणून मजकूर माझ्याकडे आला. मग काय, दंतोत्पाटन, खालच्या जबड्याला अधोहनू... हौस फेडून घेतली.

"मास्तर, लिहिणाऱ्यालाच कागद कळला नाही, तर पेशंटांना काय कळणार?" डॉक्टर माझा ओठ बघून म्हणाले.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी दवाखान्याच्या बाकावर बसून एकेका पेशंटकडून कागद मोठ्यानं वाचून घेऊ लागलो. वर्गातलीच रीत. वाचणाऱ्याचं बोट जिथं अडेल, तिथं लाल पेन्सिलीचा ठिपका. पहिल्या शनिवारी कागदाला गोवर आला. मी लांब वाक्यं तोडली, दंतोत्पाटनाचं 'दात काढणे' केलं, कागद पुन्हा सायक्लोस्टाईल करून आणला. ठिपके कमी होत गेले, तशी माझी छाती फुगत गेली.

एका शनिवारी हातमागावर बसणारा एक विणकर आला. घरात तेलुगू, बाहेर मराठी. गाल सुजलेला. रिकाम्या जागेत डॉक्टरांनी लिहिलं होतं : खालची एक दाढ आणि पुढचे चार दात. त्यानं उभं राहून सगळा कागद खडाखडा वाचला. एकही ठिपका नाही! मी विजयी मुद्रेनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्यानं सहीसाठी पेन उचललं.

धडा संपला की सारांश विचारायचा, ही माझी खोड. तेवढ्यामुळं विचारलं, "आता कागद न बघता सांगा, डॉक्टर काय करणार?"

"दुखती दाढ काढनार की."

"आणि?"

"आनि काय? घरी जायचं."

डॉक्टर खुर्चीतून उठले. "अहो, पुढचे चारही काढायचेत. मघाशी सांगितलं, तुम्ही मान हलवलीत!"

त्याचा हात तोंडावर गेला. "पुढचे नको सायेब! गाठ मारली की धागा ह्याच दातांनी तोडतो मी. दर वेळी कात्री उचलत बसलो तर माग चालंल कसा?"

"हलतायत ते. आज ना उद्या पडणारच."

"मग उद्या पडू द्या की."

डॉक्टरांनी चार दातांवर काट मारली. दाढ तेवढी काढली.

निघताना मी त्याला विचारलं, "अहो, एवढं सरळ वाचलंत, मग कळलं कसं नाही?"

तो गालातल्या बोळ्यातून म्हणाला, "तुमी लाल पेन्सिल घेऊन बसला होता, मास्तर. अडखळायचं न्हाय, येवढंच ध्यानात होतं."

मी पेन्सिल खिशात घातली. इतके शनिवार मी नक्की काय मोजत होतो, कोण जाणे. त्या दिवसापासून कागदाखाली एक ओळ वाढली : सही घेण्याआधी पेशंटला काय कळले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावावे.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकताना नेहमीप्रमाणे मान हलवत होती. माझं संपल्यावर तिनं चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "वीस वर्षं मीही मानच हलवतेय. मला कधी विचारलंत, काय कळलं म्हणून? आता विचारा. चहा गार होईपर्यंत वेळ आहे."