डाव्या हाताचा मोजा

ट्रंक उघडताच चामड्याचा वास येतो. तळाशी ह्यांचा गोल्फचा मोजा आहे, फक्त डाव्या हाताचा.

निजामाच्या काळात हे मला बघायला सेलूला आले. हैदराबादेत साहेबलोकांना गोल्फ शिकवणं हा ह्यांचा पेशा. पान घेताना बाबांना हात दिसले. उजवा रापलेला, डावा मनगटापर्यंत पांढरा.

"कोड हाय का?" बाबांनी विचारलं.

"न्हाई मामा, खेळताना या हातात मोजा असतो."

"एकाच हातात? मंग महिनाभर बिनमोज्याचं खेळा आन् या."

हे आले, तेव्हा तो हात काळवंडला होता. बाबांनी ओल्या बोटाने घासून पाहिला, रंग तर लावला नाही ना! मला मात्र तळव्यावरचे फोड दिसले.

तेव्हा बाबांचा राग आला होता. आता लेकीला स्थळं येतात, तेव्हा मीही आधी मुलाचे हात बघते. पण तळव्याकडून.