एकशेवीस-ऐंशीचं गाव

आमच्या नोकरीत आकडे कमी आणि किस्से जास्त साठतात. आकडे निदान दर महिन्याला वर पाठवून मोकळं होता येतं. किस्से आपल्याकडेच राहतात!

माझं काम म्हणजे भोर-वेल्ह्यातली आरोग्य उपकेंद्रं फिरायची आणि तिथले आकडे खरे आहेत का, कुणी ते वापरतं का, हे बघायचं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. पण पाल, हॉर्न आणि साहेब, तिन्हींना मी सारखीच दचकते.

* * *

वेल्ह्याच्या डोंगरातलं एक उपकेंद्र. नाव सांगत नाही, सिस्टर चिडतील. तिथं सगळ्या गावाचं बीपी १२०/८०! म्हाताऱ्या आजोबांचंही, ओल्या बाळंतिणीचंही. मी सगळा धीर गोळा करून विचारलं, "सिस्टर, सगळ्यांचं एकच कसं?"

"गावात एकी लई हाय, मॅडम!"

मग त्यांनी कपाटातून बीपीचं मशीन काढलं. रबरी फुगा पार चिरलेला. "हे असं हाय. आन् रकाना रिकामा सोडू देत न्हाईत. काय भरू, तुमीच सांगा."

चहा आला, तो प्यायले.

* * *

नवीन मशीन मागायला तालुक्याच्या ऑफिसात गेले. रस्ताभर वाक्यं पाठ केली होती. साहेबांनी कॉम्प्युटरवर ते गाव उघडलं. "इथं तर एकालाही बीपी नाही! निरोगी गावाला मशीन कशाला?"

"बरोबर आहे, साहेब," म्हणून मी बाहेर आले. ते काय बोलले आणि मी कशाला मान डोलावली, हे एसटी निम्म्या वाटेत आल्यावर कळलं!

* * *

'माहितीचा वापर करा' असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये फार सांगतात. म्हणून मी उपकेंद्राच्या भिंतीवर रंगीत आलेख लावला. बीपीची रेघ अर्थातच आडवी झोपलेली. गावातल्या शेवंताआजी डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"ही कशाची गं?"

"तुमच्या गावाच्या बीपीची, आजी."

"मंग माजं डोकं गरगरतंय, ते कुठं हाय ह्यात?"

भातलावणीत त्या चक्कर येऊन चिखलातच बसल्या होत्या. सिस्टर हळूच म्हणाल्या, "बीपीच असणार. पर मोजू कशानं? म्हातारी मोठ्या दवाखान्यात जायचं नाव काढत न्हाई."

त्या दिवशी मला माझाच आलेख बघवेना.

* * *

शेवटी शेजारच्या उपकेंद्रातून एका दिवसापुरतं मशीन मागून आणलं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, डब्यात काय?" बीपीचं मशीन म्हटल्यावर त्यानं तिकिटं सोडून बाही वर सारली. मला मोजता येत नाही हे उतरेपर्यंत कुणालाही पटलं नाही!

गावात पोचते तर आजी लेकीकडे, गुंजवण्याला! बाकी गाव शेतात. मी रडकुंडीला आले. सिस्टर म्हणाल्या, "आणलंच हाय, तर तुमचं बघू." त्यांनी दंडाला पट्टा बांधला, आणि खिडकीत कोंबडा आरवला.

१६०/१००!

सिस्टरांनी पेन उचललं. "अहो, मी दचकले! ते धरू नका! मी या गावची पण नाही!"

"जे मोजलं तेच लिवायचं. तुमीच शिकवलंय की!"

संशयित उच्च रक्तदाब: स्त्री, एक.

आणि म्हणे मी आकडे सुधारायला आलेय!

* * *

थोड्याच दिवसांत नवीन मशीन आलं. ऑफिसात म्हणाले, "आता पेशंट निघाला ना तिथं!" पहिला दंड शेवंताआजींचा. आकडा बघून सिस्टर त्यांना हाताला धरूनच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या, गरगर थांबली. पुढच्या खेपेला आजींनी मला भिंतीपाशी नेलं. "आता ती रेघ उचल की जरा!"

* * *

मग मासिक आढावा. साहेबांनी ते गाव पडद्यावर घेतलं. मी मागच्या रांगेत खुर्चीत खाली सरकले.

"इथं बीपीचे दोन रुग्ण. एक आजी नियमित गोळ्या घेतायत, शाब्बास! पण ही दुसरी बाई? एकदा मोजून गेली ती गेलीच! काही झालं तिला, तर जबाबदार कोण?"

सिस्टरांनी पदर तोंडात कोंबला.

साहेबांनी सगळ्या हॉलवर नजर फिरवली आणि बोट माझ्यावर आणून थांबवलं. "मॅडम, तुम्ही असता त्या भागात. या बाईला शोधून आणा!"

"हो साहेब," मी दचकून उभी राहिले आणि डायरीत लिहून घेतलं: बाई शोधणे.